जाणारे पत्र

शहरातील बिऱ्हाड मोडून मी चामोर्शीस राहावयास आलो, तेव्हा येथील एका प्रश्नाने अगदी जेरीस आलो होतो. दुकानात जा, चहाच्या टपरीवर बसा, "तुम्ही कोणाकडचे?" हे ठरलेलेच! शहरात वर्षानुवर्षे माझ्या दारावरची पाटीही कोणी वाचली नव्हती, आणि त्यालाच मी सभ्यपणा समजत होतो.

येथे आल्यावर थोड्याच दिवसांत एका बालमित्राचे ई-मेलने पत्र आले. त्याचे वडील गेले होते. त्याच रात्री मी संगणकावर लांबलचक उत्तर लिहिले आणि पाठवण्याची कळ दाबली. पडद्यावर कसलीशी चौकट उमटली. आडगावची लाइन, जाईल सावकाश, असे म्हणून ती मी न वाचताच मिटवली. पुढचे आठ दिवस मी निर्धास्त होतो. मार्कंड्याला जाऊन, वैनगंगा तेथे उत्तरेकडे कशी वाहते तेही पाहून आलो. नवव्या दिवशी मित्राची एकच ओळ आली : "तू तरी लिहिशील असे वाटले होते."

माझे पत्र 'आउटबॉक्स'मध्ये जसेच्या तसे पडून होते!

येणारी पत्रे रोज बिनचूक येत होती; म्हणून जाणारे अडले असेल ही शंकाच मला शिवली नाही. वास्तविक दोहोंची व्यवस्था निराळी असते. जाणाऱ्या पत्रांसाठी मी अजून शहरातल्या जोडणीचाच सर्व्हर ठेवला होता. स्वतःच्या तारेवरून आलेले पत्र तो काही न विचारता स्वीकारी. आता परक्या लाइनवरून हाक येताच त्याने विचारले, "आपण कोण?" आणि माझ्या सेटिंगमध्ये ओळखीच्या रकान्यापुढे लिहिले होते, 'नाही'.

जॉन पोस्टेल यांनी ऑगस्ट 1982 मध्ये एसएमटीपीचे नियम प्रसिद्ध केले, तेव्हा त्यांत ओळख विचारण्याची सोयच नव्हती. (त्याच महिन्याच्या 26 तारखेस चंद्रपूरमधून गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन चामोर्शी त्यात आली.) त्या भाबड्या विश्वासाचा फायदा घेऊन पुढे कोणीही कोणाच्याही नावाने पत्रांचा पाऊस पाडू लागले. मग 1998 मध्ये पत्र सोपवण्यासाठी 587 क्रमांकाचे वेगळे पोर्ट नेमले गेले, आणि 1999 मध्ये नाव व पासवर्ड विचारण्याची रीत ठरली. जुने 25 क्रमांकाचे पोर्ट घरगुती जोडण्यांवर आज बहुधा बंदच असते.

दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. 25 च्या जागी 587 लिहिले, सुरक्षित जोडणी निवडली, ओळख देण्याची पद्धत 'पासवर्ड' केली, आणि आपले पूर्ण नाव घातले. पत्र क्षणात गेले. दोष आडगावचा नव्हता, अरण्याचाही नव्हता. मी न वाचलेल्या चौकटीत तो स्पष्ट लिहिलेला होता. दुसऱ्या पत्रात मित्राला मी हे सारे कळवले, लाइनवर काहीही ढकलले नाही.

टपरीवरच्या प्रश्नाचा आता मला राग येत नाही. ज्याला माणसाशी बोलायचे आहे, त्याने आपण कोण ते आधी सांगावे, एवढेच तर तो म्हणतो.

मित्राचे उत्तर अजून आलेले नाही. येणाऱ्या पत्रांची वाट मात्र मोकळी आहे. रोज सकाळी मी ती पाहून घेतो.