हवामान बदललं, मॅडम

कृषी सहायक म्हणून रुजू होऊन आठवडाही झाला नव्हता. परभणी जिल्ह्यातल्या माझ्याकडच्या एका गावात पारावर आबांनी विचारलं, "मॅडम, हवामान बदललंय म्हणतात. मग पेरावं का थांबावं?"

मी प्रशिक्षणातली वही उघडली. "हवामान म्हणजे साधारण ३० वर्षांची सरासरी, आबा."

"तीस वर्षं कोण थांबतंय? बियाणं घरात येऊन पडलंय."

पार हसला. मीही हसले, पण कान तापले होते.

शाळेच्या भूगोलात हवा वेगळी आणि हवामान वेगळं. पारावर सगळंच हवामान. आभाळ भरून आलं की हवामान, मोबाइलवरचा अंदाज आला की हवामान आणि पावसाचे दिवस घटून पडेल तेव्हा धो धो पडायला लागला, तेही हवामानच. मला शिकवलं होतं शेवटचं. लोक विचारत होते पहिलं.

जूनच्या मध्यावर महसूल मंडळाच्या स्वयंचलित केंद्रानं ८२ मिलिमीटर पाऊस दाखवला. शिफारस मला तोंडपाठ होती : ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये. गावाच्या ग्रुपवर मी ऐटीत टाकलं, 'पेरणीयोग्य पाऊस झाला आहे.' दुसऱ्या दिवशी आबांचा फोन. "कुठं झाला?"

केंद्र बारा किलोमीटर लांब. इथं नुसता शिडकावा. आबांनी बोटानं माती उकरली. वर दोन बोटं ओल, खाली फुफाटा. "हे बघा तुमचे ८२."

तोवर दोघांनी पेरलं होतं. त्यांच्यावर दुबार पेरणीची वेळ आली. त्यांच्या घरांवरून जाताना अजूनही माझी गाडी जरा जोरातच जाते.

पुढच्या शेतीशाळेत हरितगृह वायूंचा तक्ता मी गुंडाळूनच ठेवला. ओल्या गोणपाटावर सोयाबीनचे १०० दाणे मोजून मांडले. सत्तर उगवले तर बियाणं पेरायला चालतं. मग रुंद वरंबा सरीबद्दल बोलले : पावसाचा खंड पडला तर वरंब्यात ओल टिकते, जास्त झाला तर सरीतून पाणी निघून जातं.

"म्हणजे दोन्हीकडून बांध घातलाय," आबा म्हणाले. मी ते वहीत लिहून घेतलं.

सप्टेंबरात एका रात्रीत नाला शेतात शिरला. सोयाबीन पिवळं पडून आडवं झालं. अतिवृष्टीचा निकष २४ तासांत ६५ मिलिमीटरहून जास्त. मंडळाच्या केंद्रावर आकडा होता ५८. गुडघाभर चिखलात मी आबांच्या बांधावर उभी होते.

"मॅडम, तेव्हा तिथं झाला, इथं नाही. आता इथं झाला, तिथं नाही. बारा किलोमीटरवर हवामान बदलतं का?"

वही पिशवीतच होती. याचं उत्तर तिच्यात नाही, हे आता ती न उघडताच कळत होतं.