पेशंट एक, आजार दोघांचा

प्रोस्टेट कॅन्सर म्हटलं, की आपल्याला पीएसए, बायॉप्सी, फार तर मेडिक्लेम आठवतो. डबलबेड कुणालाच आठवत नाही.

माझ्या काकांचं ऑपरेशन झालं, रिपोर्ट क्लीन आला, घरात पेढे वाटले. वर्षभराने भाजी निवडता निवडता काकू म्हणाली, ‘‘अगं, हे आता माझा साधा हातही धरत नाहीत. त्यांना भीती वाटते, मी पुढचं काही मागेन. मला हातच हवा असतो गं!’’ साठीतली काकू हे बोलतेय म्हटल्यावर मी गप्पच झाले.

मग वाचायला लागले. अक्रोडाएवढ्या या ग्रंथीला चिकटूनच उत्तेजनाच्या नसा जातात. १९८२ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या डॉ. पॅट्रिक वॉल्श यांनी त्या वाचवत ऑपरेशन करून दाखवलं. पण वाचलेल्या नसांनाही सावरायला दोन-दोन वर्षं लागू शकतात. हार्मोनचे उपचार चालू असतील, तर मुळात इच्छाच ओसरते. म्हणजे ‘ह्यांना मी नकोशी झालेय’ हा काकूचा निष्कर्ष साफ चुकीचा!

गोळ्या, इंजेक्शन, व्हॅक्यूम पंप असे उपाय आहेत. पण ते विचारणार कोण? काकांच्या प्रत्येक फॉलोअपला काकू बाहेरच्या बाकावर, पर्स आणि फाइल सांभाळत.

तेव्हा मंडळी, घरात कुणाचं हे ऑपरेशन ठरलंच, तर आधीच दोघांनाही केबिनमध्ये बसवा. लाजायचंय? खुशाल लाजा. पण विचारा!