दुपारी दीड वाजताच्या आगी

पदव्युत्तर अभ्यासक्रमात असताना मी एक आलेख काढला होता. आडव्या अक्षावर वर्षे आणि उभ्या अक्षावर पंजाब-हरियाणात पावसाळ्यानंतर उपग्रहाने टिपलेल्या आगींची संख्या. अलीकडे रेषा झपाट्याने उतरत होती. भाताची धसकटे जाळणे कमी होत आहे, असे मी वर्गात ठामपणे सांगितले. संगरूरकडचा एक सहाध्यायी मागच्या बाकावरून शांतपणे म्हणाला, "आमच्याकडे आता चारनंतर पेटवतात."

वर्ग हसला. मीही हसले. अर्थ रात्री उमगला.

माझी सारी आकडेवारी सुओमी एनपीपी उपग्रहावरील व्हिर्स उपकरणाची होती. ३७५ मीटरच्या चौकटीत त्याला लहान आगही दिसते. पण तो माथ्यावरून जातो दुपारी आणि रात्री दीडच्या सुमारास. चारला पेटवलेले शेत मध्यरात्रीपूर्वीच विझलेले असते. त्यात ठिपका उमटला की दंड ठरलेला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पाच एकरांहून अधिक जमीन असणाऱ्यांसाठी तो ३०,००० रुपये झाला. भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. शेतकऱ्याने घड्याळ पाहिले, यात नवल ते काय?

म्हणून मी धुराकडे वळले. आग विझली तरी धूर दुसऱ्या दिवशीही हवेत असतो. हवेतील कण सूर्यप्रकाश किती अडवतात, यावरून वायुकणांची प्रकाशीय जाडी काढतात. आगी घटल्या, तर तीही घटायला हवी. ती तशी घटलेली नाही, हे नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी २०२४ मध्ये निदर्शनास आणले. दक्षिण कोरियाच्या जिओ-कॉम्पसॅट-२ए या भूस्थिर उपग्रहाच्या चित्रांत दुपारनंतर उसळणारा धूरही दिसत होता.

तरीही धूर वाचणे सोपे नाही. धुके पांढरे आणि रेखीव कडांचे असते, धूर करडा आणि विस्कटलेला. थरच्या वाळवंटातील धूळ अवरक्त किरणांत ओळखता येते: ११ मायक्रॉनवर ती १२ मायक्रॉनपेक्षा किंचित थंड भासते. धूर त्या किरणांना जवळजवळ पारदर्शकच. शिवाय वारा पडला, की दिल्लीवर वाहनांचा धूर आणि रस्त्यांची धूळ साचून सारे एक होते. आपला इन्सॅट-३डीआर दर अर्ध्या तासाने पाहतो खरा, परंतु त्याच्या औष्णिक चित्राची चौकट चार किलोमीटरची. एखाद्या शेताची आग तीत विरून जाते.

अखेरीस मी जळालेली जमीनच शोधू लागले. सेंटिनेल-२ ची जोडी दर पाच दिवसांनी येते आणि नांगर फिरेपर्यंत काळे शेत लपत नाही. एका संध्याकाळी त्या सहाध्यायाला मी त्याच्या गावचे चित्र दाखवले. कालव्यालगतच्या एका काळ्या चौकोनावर त्याने बोट ठेवले.

"हे काकांचे."

नोंद करू का, असे मी विचारले. तो बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला.