‘छान आहे’ म्हणण्यापूर्वीं

घरांतील एखाद्या मुलानें नवें गाणें बसविलें आणि तें चारचौघांत म्हणून दाखविलें, म्हणजे आपल्याकडे दोन उत्तरें तयारच असतात. पाहुणेमंडळी ‘वा, छान!’ म्हणून पुन्हां चहाच्या पेल्याकडे वळतात, आणि घरांतील वडीलधारीं माणसें ‘अभ्यास झाला का?’ असें विचारतात. पहिलें उत्तर गोड आणि दुसरें कडू, म्हणून आपण तीं परस्परविरुद्ध समजतों. वस्तुतः त्या दोहोंत मोठेंच साम्य आहे. दोन्ही उत्तरें गाणें न ऐकतांहि देतां येतात. मोठ्यांच्या हें ध्यानांत येत नसलें, तरी मुलांच्या तें तत्काळ ध्यानांत येतें.

हा विषय आज काढण्याचें कारण असें, कीं गेलीं तीन वर्षें आमच्या राजारामपुरींतील घरांत एका नव्या तऱ्हेच्या संगीताचा संसार मांडला गेला आहे. आमच्या धाकट्या बंधूंचा मुलगा दिवसा नोकरी करतो आणि रात्रीं जेवणें आटोपलीं म्हणजे संगणकापुढें बसून संगीत रचतो. त्याच्याजवळ तंबोरा नाहीं, पेटी नाहीं, तबला नाहीं. ठोका, खर्ज, सुरावट हें सारें यंत्रांतूनच निर्माण व्हावयाचें आणि त्याचे थर एकावर एक चढवावयाचे. इलेक्ट्रॉनिक संगीत म्हटलें, कीं कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढें गणेशविसर्जनाच्या मिरवणुकींतील, खिडक्यांच्या काचा हादरविणारी डॉल्बीच उभी राहते. आमच्या घरींहि प्रथम तीच धास्ती होती. परंतु कानांना हेडफोन लावून चालणारें हें प्रकरण इतकें सोवळें निघालें, कीं शेजारच्या खोलींत झोपलेल्या माणसाची कूसहि बदलत नाहीं.

एक रचना पुरी झाली, कीं तो ती आपल्यासारख्याच हौशी मंडळींकडे पाठवितो. हीं माणसें कोणी नागपूरचीं, कोणी बंगळूरचीं, कोणी थेट जर्मनींतलीं. एकमेकांचें तोंडहि न पाहिलेलीं. त्यांच्यांत एक शिरस्ता आहे. आपल्या रचनेवर अभिप्राय हवा असेल, त्यानें आधीं दुसऱ्यांच्या रचना ऐकून त्यांवर अभिप्राय द्यावा. आपल्याकडील भिशीसारखाच हा व्यवहार म्हणाना. प्रत्येकानें आपला हप्ता भरावयाचा आणि पाळी आली म्हणजे रक्कम उचलावयाची.

व्यवहार उत्तम खरा. पण भिशींत खोटीं नाणीं पडूं लागलीं तर? गेल्या श्रावणांत तसेंच घडलें. पांच आठवडे खपून त्यानें एक रचना केली. तिला अकरा उत्तरें आलीं. नऊ जणांनीं ‘जबरदस्त’, ‘झकास’ अशा एकेका शब्दावर आपला हप्ता भागविला. दहाव्यानें ‘हें संगीत नव्हे, गिरणीची घरघर आहे’ असा शेरा मारला. अकरावें उत्तर लांबलचक होतें. तें आमच्या पुतण्यानें रागाच्या भरांत अर्धेच वाचून टाकून दिलें. त्या रात्रीं पानावर बसतां बसतां तो म्हणाला, “काका, आतां हें पुरे. यांतलें मला कांहीं येत नाहीं.” घरांतील निम्म्या मंडळींना हायसें वाटलें. ‘डोळे तरी वांचतील,’ असें त्याची आई म्हणाली. आम्हांला मात्र चैन पडेना. तीन वर्षांची मेहनत एका शेऱ्यानें मोडावी, एवढें त्या शेऱ्याला वजन नव्हतें; परंतु समोरच्या पारड्यांतील नऊ स्तुतिवचनें इतकीं पोकळ होतीं, कीं हलक्या शेऱ्यानेंहि तराजू झुकला.

या गोष्टीचा विचार करितां करितां आम्हांला आमच्या गांवच्याच एका जुन्या संस्थेची आठवण झाली. गायन समाज देवल क्लब ही संस्था कोल्हापुरांत १८८३ सालीं निघाली. शाहू छत्रपतींच्या आश्रयानें अल्लादियाखांसाहेबांसारखा थोर गवई या नगरांत राहात होता, आणि गाण्याचा षोक असणारी मंडळी देवल क्लबांत जमत होती. अशा हौशी मंडळींपैकींच एक गोविंदराव टेंबे. त्यांचा जन्म १८८१ सालचा. पेटी ते बव्हंशीं आपली आपणच शिकले. भास्करबुवा बखल्यांना ते गुरु मानीत. परंतु गंडा बांधून रीतसर तालीम त्यांच्याकडेहि झाली नाहीं. खऱ्या संगीताची वाट आपल्याला देवल क्लबामुळें सांपडली, असें श्रेय ते त्या संस्थेला देत. १९११ सालीं रंगभूमीवर आलेल्या ‘मानापमाना’च्या चाली ज्यांनीं दिल्या, त्यांचें आरंभीचें शिक्षण हें असें झालें.

हौशी माणसाला जाणत्या कानांची सोबत मिळाली म्हणजे काय होतें, हें बैठकींत बसणाऱ्यांस सांगावयास नको. तेथें अभिप्राय लांबलचक वाक्यांनीं येत नाहीं. नेमक्या जागेवर मान हलते, समेवर हात पडतो, आणि जागा फसली तर सारी बैठक गप्प राहते. त्या दादेचें मोल ती कोठें मिळाली यावर ठरतें. गाण्याच्या अखेरीस सरसकट वाजणाऱ्या टाळ्यांनीं गवयाला संतोष होत असेल. पण शिकावयास मिळतें तें मधल्या एखाद्या ‘क्या बात है’नें. दूरदेशींच्या अनोळखी श्रोत्याची मान आपल्याला दिसत नाहीं. म्हणून तेंच काम त्यानें शब्दांनीं करावयाचें असतें. कितव्या मिनिटाला आपल्याला काय ऐकूं आलें, तें सांगावयाचें असतें.

आतां त्या ‘गिरणीच्या घरघरी’चा विचार करूं. यंत्रावरील हा राग नवा नाहीं. टेंबे ज्या पेटीवर नांवारूपास आले, तिच्यावर ऑल इंडिया रेडिओनें १ मार्च १९४० पासून बंदी घातली होती. पुढें तीस वर्षें लोटल्यावर, १९७१ च्या सुमारास, ती सैल झाली. बंदी घालणाऱ्यांचें म्हणणें अगदींच निराधार होतें, असें नव्हे. पेटीचे स्वर पट्ट्यांत बांधलेले. त्यांच्यामधून मींड निघत नाहीं. सप्तकाचे बारा सारखे भाग केल्यामुळें कांहीं स्वर आपल्या शुद्ध स्थानापासून ढळतात, हेंहि खरें. परंतु पेटी वाजविणाऱ्याला ‘तुझें वाद्यच वाईट’ असें सांगितलें, तर उद्यां सकाळीं त्यानें काय सुधारावें? तेंच ‘अंतऱ्यांत भाता जोरानें मारलास, त्यामुळें गाणाऱ्याचा आवाज झांकला गेला’ असें सांगा. तो उद्यां हात आवरील. एखादा संगीतप्रकारच टाकाऊ ठरविणारी टीका कितीहि विद्वत्तापूर्ण असो, तिनें काम करणाऱ्याचें काम तसूभरहि पुढें सरकत नाहीं.

अभिप्राय देणाऱ्यानें आपल्या कानांची मर्यादाहि ओळखली पाहिजे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनीं १९३३ सालीं दाखवून दिलें, कीं आवाज लहान केला असतां मनुष्याच्या कानाला खर्जांतील ध्वनि मधल्या पट्टींतील ध्वनींच्या मानानें फारच मंद ऐकूं येतात. म्हणजे एकच रचना मोठ्यानें ऐकणारा ‘खर्ज फार झाला’ म्हणेल आणि हळू ऐकणारा ‘खर्ज आहे कोठें?’ असें विचारील. दोघेहि खरेंच बोलत असतील. त्यांत मोबाइलच्या इवल्याशा स्पीकरमधून अगदीं खालचा खर्ज जवळजवळ बाहेर पडतच नाहीं. म्हणून आपण कशावर ऐकलें आणि किती मोठ्यानें ऐकलें, हें सांगणें अभिप्रायाचाच एक भाग होय. न्यायालयांत साक्षीदाराला ‘त्या वेळीं तुम्ही कोठें उभे होतां?’ असें विचारतात, तसेंच हें आहे. श्रोत्याची जागा साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत आहे. न्यायाधीशाच्या खुर्चीवर त्याला कोणी बसविलेलें नाहीं.

चांगली साक्ष कशी असते, तें आम्हांला घरींच पाहावयास मिळालें. आमच्या मातुःश्रींचें वय ८४. लहानपणीं त्या थोडी पेटी शिकल्या होत्या, आणि गाणें ऐकण्याचा नाद त्यांना आजहि आहे. नातवानें काम सोडल्याचें कळतांच त्यांनीं त्याला हांक मारून ‘तें तुझें मला ऐकव बघूं’ म्हटलें. कानांना हेडफोन लावून घेतला, डोळे मिटले आणि पांच मिनिटें मांडीवर बोटांनीं मात्रा मोजल्या. संपल्यावर ‘पुन्हां लाव,’ म्हणाल्या. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनीं विचारलें, “मध्यें सगळें थांबतं आणि मग एकदम जोरानं येतं, ती तुझी सम ना रे?”

“हो आजी, तसंच समज.”

“मग समेवर येतोस खरा, पण यायच्या आधीं कुठं गेलाच नाहींस. जो घराबाहेरच पडला नाहीं, तो परत आला म्हणून आनंद कसला करायचा?”

पुतण्या कांहीं वेळ गप्प बसला. मग त्यानें तें टाकून दिलेलें अकरावें उत्तर काढून शेवटपर्यंत वाचलें आणि आम्हांलाहि वाचून दाखविलें. जर्मनींतील कोणा तरुणानें त्यांत लिहिलें होतें, कीं पहिलीं दोन मिनिटें ठोका, खर्ज व सुरावट यांत कांहींच पालट होत नाहीं. त्यामुळें पुढचा जोरदार भाग आला तरी तो आल्यासारखा वाटत नाहीं. ज्या बाईंनीं असलें संगीत जन्मांत प्रथमच ऐकलें, त्यांनीं आणि ज्या तरुणाचा आयुष्यभर याच संगीतावर पिंड पोसला, त्यानें बोट ठेवलें तें एकाच जागेवर!

येथें अभिप्राय घेणाऱ्यालाहि एक नियम सांगतां येईल. एकानें दोष दाखविला, तर तो टिपून ठेवावा. परस्परांस न ओळखणाऱ्या दोघांनीं एकच जागा दाखविली, तर ती जागा पुन्हां उघडून पाहावी. उपाय मात्र आपला आपणच शोधावा. त्या जर्मन तरुणानें पहिलें एक मिनिट कापून टाकण्याचा सल्ला दिला होता. आमच्या पुतण्यानें तें कापलें नाहीं. त्यानें पहिल्या मिनिटांतील खर्ज सबंध काढून घेतला, दुसऱ्या मिनिटांत तो थोडथोडा भरत नेला, आणि समेपूर्वींच्या आठ मात्रा ठोकाहि थांबविला. सल्ला त्यानें मोडला, साक्ष मानली. आमच्या मतें हेंच योग्य झालें. ऐकणाऱ्याला आपलें मन कोठें भटकलें तें अचूक कळतें. रचना कशी दुरुस्त करावी, तें रचणाऱ्यालाच कळावयाचें.

आम्हीं त्याला मग सहज विचारलें, “तूं दुसऱ्यांना काय लिहीत होतास?” तो ओशाळून म्हणाला, “काका, बहुतेक ‘झकास’च!” आतां तो प्रत्येक रचना दोनदां ऐकतो आणि तीनच गोष्टी लिहितो: आपल्याला काय ऐकूं आलें, लक्ष कोठें ढळलें, आणि कोणती जागा पुन्हां ऐकावीशी वाटली. यांतील तिसरी गोष्ट आम्हांला विशेष महत्त्वाची वाटते. दोष दाखविणें म्हणजेच जाणतेपणा, असा एक गैरसमज आपल्या सुशिक्षित घरांत फार बोकाळला आहे. कोणती जागा चांगली साधली हें कोणीच न सांगितल्यामुळें, दुरुस्ती करितांना नवशिका तीच जागा पुसून टाकतो, असें कितीदां तरी घडतें. शिवाय दुसऱ्याच्या रचनेकडे असें कान देणाराचा स्वतःचा कानहि तयार होतो. आपली रचना शेंकडों वेळां ऐकून कान बोथटलेला असतो. तोच दोष परक्याच्या कामांत दिसला, म्हणजे आपल्या कामांतहि खटकूं लागतो.

आणि कोणीच कांहीं बोललें नाहीं, तर? मुंबईचे वादक चरणजित सिंग यांनीं १९८२ सालीं ‘टेन रागाज टु अ डिस्को बीट’ या नांवाची एक तबकडी काढली होती. जपानी बनावटीच्या तीन नव्या यंत्रांवर, नृत्याच्या अखंड ठोक्यावर, दहा राग वाजविलेले. त्या काळीं तिची फारशी दखल कोणी घेतली नाहीं. पुढें १९८७ च्या सुमारास शिकागो शहरांत त्यांतल्याच एका यंत्राच्या नादावर नृत्यसंगीताचा एक नवा प्रकार उभा राहिला आणि जगभर गाजला. २०१० सालीं ती जुनी तबकडी नव्यानें निघाली, तेव्हां परदेशचे श्रोते चकित झाले, कीं असला नाद मुंबईंत पांच वर्षें आधींच होऊन गेला होता! चरणजित सिंग तोंवर सत्तरीला आले होते. २०१५ सालीं ते वारले. उशिरां का होईना, त्यांना दाद मिळाली, हें भाग्यच म्हणावयाचें. परंतु बेचाळीसाव्या वर्षीं मिळालेल्या दोन नेमक्या ओळींनीं एखादा वादक पुढें काय करता, तें सत्तराव्या वर्षींच्या कौतुकानें होत नाहीं.

वाचकहो, आपलीं घरें मोठीं असतात. एकाच छपराखालीं आठ वर्षांपासून ऐशीं वर्षांपर्यंतचे कान नांदत असतात. एवढी श्रोतृमंडळी ज्याला घरबसल्या मिळाली, त्या मुलानें दोन शब्दांच्या अभिप्रायासाठीं परक्यांच्या दारीं जावें, ही कांहीं भूषणाची गोष्ट नव्हे. उद्यां आपल्या घरांतील कोणी कांहीं रचून आणलें, मग तें गाणें असो, कविता असो, कीं यंत्रावरचे ठोके असोत, त्याला एवढेंच म्हणावें: “पुन्हां एकदां लाव, मला नीट ऐकूं दे.” तें संगीत आपल्याला आवडेलच असें नाहीं, आणि तें आवडलेंच पाहिजे असाहि कोणाचा आग्रह नाहीं. दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर जें खरोखर ऐकूं आलें असेल, तेवढें सांगावें. त्यापुढचें काम तें मूल आपल्या हातानें करील.