हापूस आणि एक जुनं वाक्य

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका हायस्कूलमध्ये मी विज्ञान शिकवते. नववीच्या वर्गात खिडकीपाशी एक काचेची टाकी होती आणि तिच्यात एकच गोल्डफिश. रंग पिकल्या आंब्याचा, म्हणून मुलांनी त्याचं नाव ठेवलं हापूस. खाण्याचा डबा वाजला की तो काचेशी यायचा.

त्याची देखभाल एका अबोल मुलीकडे होती. तिची आई बाजारात मासळी विकते. रोज चिमूटभर खाणं घालायचं आणि शनिवारी थोडं पाणी बदलायचं, एवढं काम. बदलायचं पाणी मी आदल्या दिवशीच बादलीत काढून ठेवायचे. का, ते मात्र तिला कधी सांगितलं नाही.

एका शनिवारी मी रजेवर होते. टाकी शेवाळलेली दिसली म्हणून मुलीने ती मनापासून साफ केली. खडे नळाखाली चोळले, फिल्टरचा स्पंज पिळून धुतला आणि टाकी नळाच्या पाण्याने काठोकाठ भरली. पावसाळ्याचे दिवस, पाण्यात टीसीएल पावडर भरपूर. सोमवारी हापूस उलटा तरंगत होता.

मागच्या बाकावरून आवाज आला, "हिच्या घरी रोज मासेच कापतात. हिला काय त्याचं!" वर्ग हसला. मुलगी खाली बघत राहिली. मी हजेरी घेत राहिले.

ते वाक्य मला नवं नव्हतं. बकरी ईद जवळ आली की स्टाफरूममध्ये हसत हसत कुणीतरी म्हणतंच, "तुमच्याकडे काय बाई, कापतातच!" बकऱ्याला महिनाभर हाताने पाला भरवणारी आणि कुर्बानीच्या सकाळी आतल्या खोलीतून बाहेर न येणारी माझी अम्मी त्यांना कधी दिसली नाही. मीही सांगत बसले नाही. पण तेच वाक्य माझ्यासमोर एका चौदा वर्षांच्या पोरीला ऐकावं लागलं आणि मी गप्प बसले. बोलले असते, तर चूक कुणाची हेही सांगावं लागलं असतं.

त्या रात्री अम्मीची एक गोष्ट आठवत राहिली. मांजर कोंडून ठेवणाऱ्या बाईची, जिने त्याला खायलाही घातलं नाही आणि सोडलंही नाही. कोंडलेल्या जिवाचा जाब कोंडणाऱ्याला द्यावा लागतो, असं अम्मी म्हणायची. टाकी वर्गात मी आणली होती.

मंगळवारी मी मुलीला न विचारता, तिचं नाव न घेता, फळ्यावर नायट्रोजनचं चक्र काढलं. माशाच्या कल्ल्यांतून आणि विष्ठेतून अमोनिया पाण्यात येतो, तो विषारी. खड्यांवर आणि स्पंजवर वाढणारे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट करतात, मग बरंच कमी घातक नायट्रेट. सगळं चकचकीत धुतलं की हे जिवाणूही जातात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन कल्ले जाळतं. पाणी उघडं ठेवलं की ते हळूहळू उडून जातं.

"हे सगळं मला माहीत होतं," मी म्हणाले. "पुस्तकातला धडा मी शिकवला, टाकीतला शिकवला नाही. हापूस माझ्या चुकीने गेला. आणि काल जे वाक्य इथे बोललं गेलं, ते मी तिथेच थांबवायला हवं होतं. तीही माझीच चूक."

कुणी हसलं नाही.

टाकी आम्ही पुन्हा भरली, पण मासा आणला नाही. जिवाणू वाढायला महिनाभर तरी लागतो. मुलगी रोज रिकाम्या पाण्यात चिमूटभर खाणं टाकते, म्हणजे ते कुजून अमोनिया तयार होतो. दर शनिवारी पाणी तपासून ती वहीत आकडे लिहिते.

परवा मधल्या सुट्टीत मागच्या बाकावरचा तो मुलगा टाकीपाशी घुटमळत होता.

"पाणी झालं का गं?" त्याने विचारलं.

तिने वही उघडून त्याच्यासमोर धरली. "नायट्राइट अजून आहे. थांबायला लागेल."

तो वही वाचत उभा राहिला.