कात्रजच्या घाटात गाडीची पारख

पुण्याच्या रविवार पेठेत चारचाकी वळविणे हीच एक परीक्षा असते. एका बाजूस दुकानांच्या पायऱ्या, दुसऱ्या बाजूस हातगाड्या आणि मधून दुचाकींचा अखंड ओघ. या पेठेतील एका व्यापारी कुटुंबात नातवाचा जन्म झाला आणि घरची लहान गाडी अपुरी पडू लागली. आजी-आजोबा, मुलगा, सून, चार वर्षांची नात आणि तान्हे बाळ अशी सहा माणसे. कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोजच्या बाहुबलीला जाण्याचा बेत ठरला की, जागा नाही म्हणून आजी आपणहून घरी थांबत.

मुलाला गाडी चालविण्याचा आनंद हवा होता, वडिलांना हिशेब. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरपर्यंतच्या, लहान इंजिनाच्या गाड्यांवर १८ टक्के जीएसटी आहे, मोठ्यांवर ४० टक्के. वडिलांचा कल साहजिकच लहान गाडीकडे होता. मात्र सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घराबरोबर प्रवासात डबे असतातच. सर्व आसने मांडल्यावर ट्रायबरमध्ये सामानाला ८४ लिटर जागा उरते, अर्टिगात २०९ लिटर. हा आकडाही हिशेबात धरावा लागला.

खरा निकाल मात्र घाटात लागला. विक्रेत्याची चाचणी-फेरी सपाट रस्त्यावर आणि एकट्या चालकाची असते. या कुटुंबाने सहाही जणांसह स्वारगेटवरून कात्रजचा जुना घाट गाठला. पाहिलेल्या गाड्यांपैकी एक शहरात मोठी चपळ वाटली होती. चढावर भरल्या वजनाने तिला वारंवार दुसऱ्या गिअरवर आणावे लागले, आणि प्रत्येक वळणावर ती झुकू लागली. जुन्या बोगद्यापाशी पोहोचेतो मागच्या आसनावर आजींना मळमळू लागले होते.

तेथेच मुलाच्या एक गोष्ट ध्यानात आली. कमी फेऱ्यांवर मिळणारी इंजिनाची ओढ, नेमके स्टिअरिंग आणि वळणावर न कलणारी बांधणी यांतच चालकाचा आनंद असतो. मागे बसणाऱ्याचे स्वास्थ्यही त्यांतच असते. वडिलांचा हिशेब आणि मुलाची हौस यांत वाटला होता तेवढा विरोध नव्हता.

सुनेने दुसरी अडचण दाखविली. मधल्या आसनावर बाळाची खुर्ची पक्की बसविली, की ते आसन दुमडून मागे जाता येत नाही. बाळाला मांडीवर घेणे हा उपाय नव्हे. मुलांना सुरक्षित न बसविल्यास मोटार वाहन कायद्याने हजार रुपये दंड आहे, आणि जिवाचा धोका त्याहून मोठा. म्हणून मधे दोन स्वतंत्र आसने आणि त्यांमधून वाट असलेली सहा आसनी गाडी ठरली. आसनांवर चामड्याऐवजी कापड घेतले. वाढलेल्या किमतीसाठी काचेच्या छताचा मोह सोडला आणि कर्जाची मुदत मात्र वाढविली नाही.

पुढच्या रविवारी गाडी पेठेतून बाहेर पडली, तेव्हा पुढे आजोबा होते, मधे बाळ आणि आजी, मागे सून आणि नात. कात्रज मागे पडले. खंबाटकीच्या चढावर वडिलांनी मागे वळून पाहिले. आजी नातवाच्या शेजारी शांत झोपल्या होत्या.