घंटीची दोरी

वाहन विकत घ्यायला निघालेल्या माणसाला सल्ला नको असतो, संमती हवी असते. सायकल घेणारा असो की ट्रॅक्टर घेणारा. रंगसुद्धा त्याने आधीच ठरवलेला असतो, आणि मग तो चार शहाण्यांना विचारीत हिंडतो. आमच्याकडे बाजारात बैल पाहायला येणारा शेतकरी तेवढा याला अपवाद. तो दात मोजतो, खूर उचलून पाहतो, चार पावले चालवून पाहतो, आणि एवढे करूनही ‘उद्या येतो’ म्हणून निघून जातो.

माझा भाचा टेक्सासात हाडांचा डॉक्टर आहे. वय सत्तावन्न. दोन गावांतल्या दोन रुग्णालयांत त्याचे काम, आणि मधले अंतर तो गेली अनेक वर्षे स्वतःच्या लहानशा, एका पंख्याच्या विमानाने, स्वतःच चालवीत तोडतो. यंदा हुरड्याच्या दिवसांत तो धाराशिवला आला आणि आगटीशेजारी कागदांचा भारा ठेवून म्हणाला, “मामा, जेट घ्यावं म्हणतो. तुम्ही जरा बघा.”

माझे सारे आयुष्य एस. टी.च्या कार्यशाळेत गेले. जेटचे आणि माझे नाते एवढेच, की दोन्हीकडे हातांना तेलाचा वास लागतो. मी हसून सोडून दिले असते. पण त्या रात्री अक्काने, म्हणजे त्याच्या आईने, मला स्वयंपाकघरात बोलावले. अक्का एक्याऐंशीची. म्हणाली, “तो तुझं ऐकतो. इमान चांगलं असंल तर चांगलं म्हण, नसंल तर नको म्हण. गोड बोलू नको.” मग थोडे थांबून, खालच्या आवाजात, “आणि आपल्या इथं उतरंल का रे ते?”

भाच्याला संमती हवी होती. अक्काला सल्ला हवा होता. मी चष्मा पुसून कागद उघडले.

स्वतः मालक आणि स्वतःच वैमानिक अशा माणसांसाठी लहान जेट करायची कल्पना या शतकाच्या आरंभी अमेरिकेत फार जोरात होती. एक्लिप्स नावाच्या कंपनीने दहा लाख डॉलरांच्या आत जेट देण्याची दवंडी पिटली. हवाई टॅक्सीवाल्यांनी त्यांच्या जिवावर कंपन्या काढल्या. विमान 2006 साली प्रमाणित झाले आणि 2008 च्या नोव्हेंबरात कंपनीचे दिवाळे वाजले. सेसनाचे मस्टँगही 2006 चेच. ते दोन इंजिनांचे आणि 41,000 फुटांपर्यंत जाणारे. पण 2017 मध्ये त्याचेही उत्पादन थांबले. आता मिळते ते वापरलेले. भाच्याचा जीव जडला होता तो तिसऱ्यावर, सिरसच्या व्हिजन जेटवर. हे 2016 च्या ऑक्टोबरात प्रमाणित झाले. एकच इंजिन, तेही पाठीवर घेतलेले. शेपटी इंग्रजी व्ही अक्षरासारखी. वेग ताशी साडेपाचशे किलोमीटरच्या घरात. आणि नाकात गुंडाळून ठेवलेली एक भली मोठी हवाई छत्री. वेळ आली तर ही छत्री माणसाला नव्हे, अख्ख्या विमानाला खाली उतरवते. किंमत तीस लाख डॉलरांच्या वर. हा आकडा मी अक्काला सांगितला नाही.

एकच इंजिन पाहून मी प्रथम नाक मुरडले. पण विचार करता भाच्याचे म्हणणे पटले. दोन इंजिनांतले एक नेमके उड्डाणाच्या क्षणी गेले, तर विमान एका बाजूला ओढू लागते आणि एकट्या माणसाला दोनच हातांनी ते सावरावे लागते. जेट इंजिन सहसा दगा देत नाही. आणि दिलाच तर छत्री आहे. मस्टँग उंच जाते हेही खरे. पण टेक्सासातले वादळी ढग 41,000 फुटांच्याही वर डोके काढतात. त्यांना वळसाच घालावा लागतो, आणि वळसा काय, दोन्ही विमाने घालतील. सिरसच्या जेटमध्ये उणिवाही आहेत. टाकी पुरी भरली की माणसे उतरवावी लागतात. सात जणांची जागा ही कागदावरची. 2019 च्या एप्रिलात पंखांचा वाऱ्याशी असलेला कोन मोजणारे उपकरण चुकीचे इशारे देऊ लागले, म्हणून ही सगळी विमाने दुरुस्ती होईपर्यंत जमिनीवर बसवावी लागली होती. मला यात वाईट वाटले नाही. दोष सापडल्यावर गाडी उभी करणारे खाते मला आवडते.

व्ही शेपटीवरून आठवले. बीचक्राफ्ट कंपनीचे बोनान्झा नावाचे विमान 1947 पासून 1982 पर्यंत अशाच शेपटीचे निघत असे, आणि तिकडचे वैमानिक त्याला ‘दुशेपटी डॉक्टरमारी’ म्हणत. म्हणजे सगळा दोष शेपटीचा नव्हता. पैसेवाले डॉक्टर आपल्या हाताला न पेलणारे वेगवान विमान घेत आणि आज पोहोचायचेच म्हणून ढगात शिरत. हे मी भाच्याला वाचून दाखवले. तो हसला, पण थोडेसेच.

आणि इथे माझ्यातला एस. टी.वाला जागा झाला. आमच्या गाडीत दोन माणसे असतात. चालक गाडी चालवतो, पण निघायचे कधी आणि थांबायचे कधी हे वाहकाच्या हातातली दोरी सांगते. दोन घंट्या, चला. एक घंटी, थांबा. शिवाय आगारात कोणी साहेब कितीही ओरडला तरी ‘ब्रेक लागत नाही, गाडी काढणार नाही’ असे म्हणणारे चालक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्यामुळे किती संसार शाबूत राहिले हे कुठल्याच वहीत लिहिलेले नाही. ज्या विमानात मालकच वैमानिक, तिथे मालकाला ‘आज नको’ म्हणणारा चालक कुठून आणायचा? दिवसभर ऑपरेशने करून थकलेला डॉक्टर संध्याकाळी थकलेल्याच वैमानिकाला विचारणार, ‘निघू या?’ उत्तर ठरलेले.

गंमत अशी, की कारखानदारांनाही हे सुचले असावे. 2020 पासून या जेटच्या छताला एक लाल कळ आली आहे. वैमानिक बेशुद्ध पडला, तर मागच्या प्रवाशाने ती दाबायची. मग विमान स्वतःच हवामान आणि इंधन पाहून धावपट्टी निवडते, नियंत्रकांना कळवते, चाके काढते, उतरते, ब्रेक लावते आणि इंजिन बंद करते. हे वाचून मी दोन मिनिटे स्वस्थ बसलो. इतक्या वर्षांनी विमानात कोणी वाहकाची दोरी बसवली होती! फक्त ती चालकाची शुद्ध हरपल्यावरची आहे. अक्कल हरपल्यावरची नाही.

आता अक्काचा प्रश्न. धाराशिवला धावपट्टी आहे. 2009 साली राज्याने नांदेड, लातूर, बारामती आणि यवतमाळबरोबर तीही एका खासगी कंपनीला भाडेपट्ट्याने दिली. नियमित प्रवासी विमान मात्र आमच्या नशिबी आले नाही. पुढाऱ्यांची ये-जा तेवढी दिसते. समुद्रसपाटीला, थंड हवेत, या जेटला जमीन सोडून झाडाच्या उंचीपलीकडे जायला जवळजवळ एक किलोमीटर लागतो. आमचे गाव बालाघाटावर, साडेसहाशे मीटर उंच. मे महिन्यात पारा चाळीसवर गेला की हवा इतकी विरळ होते, की विमानाला आपण साडेपाच हजार फुटांवर आहोत असे वाटते. इंजिनाचा दम कमी, पंखांचा आधार कमी, आणि धावपट्टी लातूर-नांदेडहून आखूड. त्या लाल कळीला तर उपग्रहाच्या आधाराने उतरण्याची सोय असलेली लांब धावपट्टी हवी. पौषातल्या थंड सकाळी, हलके होऊन, कदाचित. उन्हाळ्यात नाही.

हे मी अक्काला सांगितले. मुंबईहून आमचे गाव सरळ रेषेत साडेतीनशे किलोमीटर. या विमानाला पाऊण तास. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्याने आपल्या तेरची, तेव्हाच्या तगराची, वाट लिहून ठेवली आहे. भडोचपासून पैठण वीस दिवस आणि तिथून तगर आणखी दहा. अक्का म्हणाली, “तीस दिवसांनी का व्हईना, माल पोचत होता न्हवं?”

निघण्याआधी भाच्याने थेट विचारले. मी म्हटले, “यंत्र चांगले आहे. तुझ्या जागी मीही मस्टँग सोडून हेच घेतले असते. पण पहिले वर्ष शेजारी शिकवणारा वैमानिक बसवल्याशिवाय उडायचे नाही. ज्या दिवशी ऑपरेशन, त्या दिवशी रात्री उड्डाण नाही. आणि निघण्यापूर्वी सूनबाईने ‘नको’ म्हटले, तर कारण विचारायचे नाही.” पहिल्या दोन अटी त्याने लगेच मान्य केल्या. तिसरीवर तो म्हणाला, “मामा, तिला विमानातलं काय कळतं?” मी म्हटले, “वाहकालाही इंजिनातले कळत नव्हते.”

त्याने अजून पैसे भरलेले नाहीत. दसऱ्याला त्याचा फोन आला तेव्हा तो टेनेसीतल्या नॉक्सव्हिलला, जिथे हे जेट चालवायला शिकवतात, तिथे जाण्याची तारीख ठरवीत होता. सूनबाईलाही बरोबर न्यायचे त्याने कबूल केले. मी एवढेच सांगितले, की तिला मागच्या आसनावर पट्टा बांधून बसव, आणि छताच्या त्या कळीपर्यंत तिचा हात पोहोचतो का ते पाहून मला कळव. सूनबाई उंचीने बेताचीच आहे.